नव्या सॉफ्टवेअरला होकार देण्यापूर्वी

प्रश्न: आमच्या पाच जणांच्या गटाकडे एक सेवा आहे. ग्राहकांनी नोंदवलेली कामे एका रांगेत जातात आणि मागे चालणारे प्रोग्रॅम ती एकेक करून पार पाडतात. सध्याची रांग जुनी आणि संथ आहे, शिवाय ती सांभाळणारा सहकारी गेल्या वर्षी दुसरीकडे गेला. आता गटातल्या दोघांनी एक नवे ओपन सोर्स सॉफ्टवेअर शोधले आहे. ते दोन वर्षांचे आहे, आवृत्ती ०.८ आहे, कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर त्याला पसंतीचे चौदा हजार स्टार आहेत आणि आमच्या चाचणीत ते जुन्या रांगेच्या कितीतरी पट वेगाने चालले. हे प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या कामाला, लावण्याजोगे आहे की नाही, ते महिन्याभरात लेखी कळवा, असे वरिष्ठांनी मला सांगितले आहे. एका सहकाऱ्याला शून्याने सुरू होणारी आवृत्ती वापरणे हाच बेजबाबदारपणा वाटतो, तर दुसऱ्याला थांबणे हा भित्रेपणा वाटतो. मी कशाच्या आधारावर सही करू? आणि नवे लावलेच, तर जुनी रांग कधी बंद करू?

उत्तर: तुमच्या पत्रात या सॉफ्टवेअरबद्दल चार गोष्टी आल्या आहेत: त्याचे वय, आवृत्तीचा आकडा, स्टारची संख्या आणि वेग. तुमची सही ज्या गोष्टीवर अवलंबून असायला हवी, ती मात्र पत्रात कुठेच नाही. रांगेत टाकलेले एक काम हरवले, तर काय होते? ते पुन्हा करता येते का? ते हरवल्याचे आधी ग्राहकाला कळते की तुम्हाला? आणि तुम्हाला कळेपर्यंत किती वेळ गेलेला असतो? माझा आग्रह आहे की पुढचे काहीही करण्यापूर्वी तुमच्या रांगेतून जाणाऱ्या कामांचे सगळे प्रकार एका कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर या प्रश्नांची उत्तरे मांडावीत. छायाचित्राची लहान प्रत तयार करण्याचे काम हरवले, तर कुणीतरी ते पान पुन्हा उघडते आणि काम पुन्हा होऊन जाते. पैसे मिळाल्याची नोंद करण्याचे काम हरवले तर हिशेब चुकतो, आणि तेच काम दोनदा झाले तरीही चुकतो. एकच सॉफ्टवेअर पहिल्या प्रकारच्या कामाला आज लावण्याजोगे आणि दुसऱ्या प्रकारच्या कामाला आणखी वर्षभर न लावण्याजोगे असू शकते. म्हणून कामाचा प्रकार न सांगता दिलेला होकार आणि तसाच दिलेला नकार, दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत.

आवृत्तीच्या आकड्याकडे आधी वळतो, कारण तुमच्या गटातला वाद तिथेच अडलेला दिसतो. आवृत्त्यांना क्रमांक देण्याची जी पद्धत पुष्कळ प्रकल्प पाळतात, तिच्या नियमांत पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही केव्हाही बदलू शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. ही सूचना बदलाबद्दलची आहे. सॉफ्टवेअर किती भरवशाचे आहे, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणारे सॉफ्टवेअर १९९८ पासून २०१० पर्यंत ०.९ च्याच आवृत्त्यांवर होते आणि त्या काळात इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर त्याच्यावर विसंबून होते. हार्टब्लीड या नावाने ओळखली जाणारी त्यातली अतिशय गंभीर चूक तर शून्य ओलांडल्यानंतर, मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीतून बाहेर पडली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आली. केडीई ४.० हे लिनक्स या कार्यप्रणालीवरचे डेस्कटॉप जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा चार हा भरभक्कम आकडा पाहून ते रोजच्या वापरासाठी घेणाऱ्या अनेकांना ते अपुरे असल्याचे आढळले.

तेव्हा ०.८ या आकड्याला घाबरू नका, पण त्याचा खर्च मोजा. ०.६ वरून ०.७ कडे आणि ०.७ वरून ०.८ कडे जाताना काय काय बदलले, ते प्रकल्पाच्या बदलनोंदीत वाचा. साठवलेल्या डेटाची मांडणी बदलली होती का? बदलली असल्यास जुना डेटा नव्या मांडणीत नेण्याचे साधन त्यांनी दिले होते का, की रांग रिकामी करून मग अपग्रेड करा एवढेच सांगून ते मोकळे झाले? ०.८ आल्यानंतर ०.७ मधल्या एखाद्या गंभीर चुकीची दुरुस्ती ०.७ वापरणाऱ्यांनाही मिळाली का? पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे दुरुस्त्या मिळवत राहते. दोन वर्षांच्या प्रकल्पाकडून एवढी अपेक्षा ठेवता येणार नाही, हे खरे; पण मागच्या आवृत्तीला दोन महिनेही दुरुस्ती मिळत नसेल, तर तुम्हाला दर वेळी दुरुस्ती आणि बदल एकत्रच गिळावे लागतील आणि पाच जणांच्या गटाला ते जड जाते.

स्टारबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. स्टार देणाऱ्याने ते सॉफ्टवेअर चालवून पाहिलेच असेल असे नाही, आणि स्टार विकतही मिळतात. चौदा हजार हा आकडा अहवालातून सरळ वगळा.

वेगाकडे मात्र लक्ष द्या, कारण वेगातच बहुतेक वेळा सगळे रहस्य दडलेले असते. एखादी रांग दुसरीपेक्षा कितीतरी पट वेगवान असेल, तर पहिली शंका अशी घ्यावी की ती काहीतरी करायचे टाळते आहे. आलेले काम डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करून मग पोच द्यायची, हे संथ असते. काम मेमरीत ठेवून लगेच पोच द्यायची आणि डिस्कचे नंतर पाहायचे, हे वेगवान असते. २०१२ च्या अखेरीपर्यंत मोंगोडीबी या डेटाबेसच्या ड्रायव्हरांची (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागांची) मूळ मांडणी अशी होती, की डेटाबेसने लेखन स्वीकारल्याची पोच येण्याची वाट न पाहताच प्रोग्रॅम पुढे जात असे. त्यामुळे वेगाचे आकडे देखणे दिसत आणि हरवलेल्या नोंदी नंतर सापडत. नंतर त्यांनी ती मांडणी बदलली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सेटिंग कुठेतरी असणारच. ती शोधा, प्रत्येक काम डिस्कवर उतरवूनच पोच द्यावी अशी ठेवा आणि वेगाची चाचणी पुन्हा घ्या. त्यानंतरही ते जुन्या रांगेच्या दुप्पट चालले, तर तो दुप्पट वेग खरा आहे. सेटिंग सापडलीच नाही, किंवा माहितीपुस्तिकेत पोच नेमकी केव्हा दिली जाते याचा उल्लेखच नसेल, तर पैशाशी संबंधित कामांसाठी माझा नकार तिथेच पक्का होतो.

यापुढचे काम वाचनाचे आहे, आणि माझ्या मते महिन्यातला सर्वांत सत्कारणी लागणारा दिवस हाच. प्रकल्पाच्या तक्रारींच्या यादीत जा. उघड्या तक्रारी किती आणि बंद किती, ही मोजदाद करू नका, त्यातून काही हाती लागत नाही. काम हरवले, रांग अडकली, पुन्हा चालू केल्यावर डेटा दिसेना, काम दोनदा झाले, अशा शब्दांनी शोध घ्या आणि त्यातल्या सर्वांत वाईट तीन तक्रारी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पहिले उत्तर किती दिवसांनी आले? उत्तर देणाऱ्याने आवृत्ती, सेटिंग, लॉग (प्रोग्रॅमने लिहून ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) विचारून चूक स्वतःच्या यंत्रावर घडवून पाहिली का? दुरुस्तीबरोबर तीच चूक पुन्हा पकडणारी चाचणी कोडमध्ये टाकली का? नव्या आवृत्तीच्या सूचनेत, अमुक आवृत्ती वापरणाऱ्यांची कामे हरवू शकतात, कृपया अपग्रेड करा, असे स्वच्छ शब्दांत लिहिले, की किरकोळ सुधारणा म्हणून ते झाकले? आमच्याकडे चालते आहे, असे म्हणून तक्रार बंद केलेली दिसली, किंवा साठ दिवस कुणी बोलले नाही म्हणून स्वयंचलित बॉटने ती मिटवलेली दिसली, तर ती नोंद अहवालात जशीच्या तशी उतरवा.

चूक सापडणे हा दोष मानू नका. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या मंडळींसमोर एक अस्वस्थ करणारी बाब आली. डेटा खरोखर डिस्कवर उतरवावा म्हणून प्रोग्रॅम कार्यप्रणालीला एफसिंक ही विनंती करतो. ती विनंती फसली तर पुन्हा केली की भागते, असे पोस्टग्रेसक्यूएल धरून चालत होते. लिनक्सवर मात्र दुसऱ्या विनंतीला यशस्वी असे उत्तर मिळू शकत होते आणि तोवर पहिला डेटा टाकून दिलेला असू शकत होता. दोन दशकांहून अधिक काळ जगभर वापरात असलेल्या आणि काटेकोरपणासाठी नावाजलेल्या डेटाबेसची ही गोष्ट आहे. त्यांनी ती उघडपणे चर्चेला घेतली, फेब्रुवारी २०१९ च्या दुरुस्ती-आवृत्त्यांमध्ये वर्तन बदलले, आणि आता एफसिंक फसले की सर्व्हर मुद्दाम कोसळतो व बदल आधी टिपून ठेवणाऱ्या आपल्या लॉगवरून पुन्हा उभा राहतो. असे वागणारी माणसे तुमच्या ०.८ च्या मागे आहेत का, हे त्या तीन तक्रारींतून दिसते. ज्या प्रकल्पाच्या यादीत डेटा हरवल्याची एकही तक्रार नाही, त्याच्यापेक्षा अशा दोन तक्रारी असलेल्या आणि त्या नीट निस्तरलेल्या प्रकल्पावर मी अधिक विश्वास ठेवतो. पहिल्याच्या बाबतीत ते सॉफ्टवेअर कुणी गंभीर कामाला लावलेच नाही, ही शक्यता उरतेच.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या गटात काम करत होतो, तिथे आम्ही असेच एक नवे सॉफ्टवेअर रांगेसाठी निवडले होते. माहितीपुस्तिका मी पूर्ण वाचली होती, वेगाच्या चाचण्या स्वतः घेतल्या होत्या, प्रोग्रॅम मध्येच मारून तो पुन्हा नीट उभा राहतो हेही पाहिले होते. एका रात्री दुसऱ्याच एका प्रोग्रॅमच्या लॉगने डिस्क पूर्ण भरली. आमची रांग त्यानंतरही प्रत्येक कामाला स्वीकारले असेच उत्तर देत राहिली आणि कामे फक्त मेमरीत साठवत राहिली. सकाळी कुणीतरी जागा मोकळी केली, खबरदारी म्हणून रांग बंद करून पुन्हा चालू केली, आणि रात्रभरची कामे त्या क्षणी नाहीशी झाली. निरीक्षणाच्या पडद्यावर सगळे हिरवे होते. आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कळले, एका ग्राहकाच्या फोनमुळे. नंतर शोध घेतला तेव्हा नेमकी हीच तक्रार त्या प्रकल्पाच्या यादीत सात महिने पडून होती. दोन ओळींची, कुणीही उत्तर न दिलेली. ज्या ग्राहकांची कामे त्या रात्री गेली, त्यांतल्या काहींशी मी स्वतः बोललो आहे. त्या दिवसापासून कुठल्याही सॉफ्टवेअरची तक्रारींची यादी वाचल्याशिवाय आणि डिस्क भरून पाहिल्याशिवाय मी सही केलेली नाही.

आता हाताने करायच्या चाचण्या. एक लाख कामे तयार करा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने पोच मिळालेला प्रत्येक क्रमांक आपल्या फाइलमध्ये लिहावा, आणि काम पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमने पार पडलेला प्रत्येक क्रमांक दुसऱ्या फाइलमध्ये लिहावा. या फाइली रांगेच्या यंत्रावर ठेवू नका, नाहीतर रांगेबरोबर पुरावाही जाईल. कामे वाहत असताना ‘किल -९’ या आदेशाने रांगेचा प्रोग्रॅम मारा, पुन्हा चालू करा आणि सगळे शांत झाल्यावर दोन्ही फाइली ताडून पाहा. पोच मिळूनही पार न पडलेला एकही क्रमांक निघता कामा नये. काही क्रमांक दोनदा आलेले दिसतील. बहुतेक रांगा प्रत्येक काम किमान एकदा पोहोचवण्याचीच हमी देतात, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण तुमचे काम दोनदा झाले तरी बिघडू नये, याची सोय तुमच्या कोडमध्ये हवी, आणि ती नसेल तर तो दोष रांगेचा नव्हे. प्रत्येक काम नेमके एकदाच पोहोचते, असा दावा माहितीपुस्तिकेत केलेला असेल, तर ती हमी कुठून कुठपर्यंत आहे ते बारकाईने वाचा. ती बहुधा रांगेच्या दारापर्यंतच असते, तुमच्या प्रोग्रॅमने पुढे काय केले हे तिला माहीत नसते.

इथे एक बारकावा आहे, जो अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो. ‘किल -९’ ने प्रोग्रॅम मरतो, कार्यप्रणाली जिवंत राहते. प्रोग्रॅमने लिहिलेला पण अजून डिस्कवर न उतरलेला डेटा कार्यप्रणालीच्या मेमरीत सुरक्षित असतो आणि ती तो सावकाश डिस्कवर उतरवते. म्हणजे एफसिंक अजिबात न करणारे सॉफ्टवेअरही ही चाचणी सुखाने पार करते. वीज गेल्यावर काय होते ते पाहायचे असेल, तर आभासी यंत्र (खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे यंत्र) घ्या आणि कामे वाहत असताना ते रीतसर बंद न करता बाहेरून एकदम तोडा. हे एकदा करून थांबू नका. वीस-तीस वेळा करा, दर वेळी वेगळ्या क्षणी, कारण चूक अशा एखाद्या क्षणातच लपलेली असते जेव्हा फाइल अर्धी लिहिलेली आहे. हे सगळे एका छोट्या स्क्रिप्टवर सोपवले, तर रात्रभरात होते. तुमची रांग एकाहून अधिक यंत्रांवर पसरणार असेल, तर यंत्रांमधला संपर्क तोडूनही पाहायला हवा. जेप्सेन हा प्रकल्प २०१३ पासून अशाच रीतीने डेटाबेस आणि रांगांचे दावे तपासत आला आहे. तुमच्या सॉफ्टवेअरवर त्यांचा अहवाल असेल तर तो आधी वाचा, आणि त्यावर प्रकल्पाने काय केले तेही पाहा.

मग डिस्क भरा. रांगेसाठी डिस्कवर मुद्दाम लहानसे विभाजन (वेगळा कप्पा) द्या आणि ते भरेपर्यंत कामे पाठवत राहा. योग्य वर्तन एकच: पाठवणाऱ्याला नकार मिळाला पाहिजे. जागा मोकळी केल्यावर रांग आपोआप पुढे सरकते की हाताने चालू करावी लागते, हेही लिहून ठेवा.

बॅकअपची चाचणी म्हणजे बॅकअप घेणे नव्हे, त्यावरून कोऱ्या यंत्रावर रांग उभी करणे होय. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाने उपयोगी पडली नाही; सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती म्हणून बहुतेक डेटा परत आला. त्यांनी हे सगळे जाहीरपणे लिहिले आहे, ते तुमच्या गटातल्या प्रत्येकाने वाचावे. शिवाय रांगेत किती कामे आहेत आणि सर्वांत जुने काम किती वेळ थांबले आहे, हे दोन आकडे सॉफ्टवेअर बाहेर देते का, ते पाहा. त्यांतला दुसरा अधिक महत्त्वाचा. रांगेची लांबी गर्दीच्या वेळी वाढते आणि कमी होते, पण सर्वांत जुने काम चाळीस मिनिटे हललेले नसेल, तर काहीतरी अडकलेले आहे.

सॉफ्टवेअरमागची माणसे किती आणि कोण, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो टाळता येणार नाही. गेल्या वर्षभरातल्या बदलांची यादी उघडा. नव्वद टक्के बदल एकाच व्यक्तीचे असतील, तर ती व्यक्ती थकली, आजारी पडली किंवा तिचे मन दुसरीकडे लागले की प्रकल्प थांबेल. एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच माणसाने सांभाळलेल्या त्या प्रकल्पात एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे पोस्टग्रेसक्यूएलवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले, त्यांनी माग काढला आणि मार्च २०२४ मध्ये तो प्रकार उघड झाला. लिनक्सच्या बहुतेक स्थिर वितरणांपर्यंत त्या आवृत्त्या तोवर पोहोचल्याच नव्हत्या. यातून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे आणि तो तुम्हालाही सुचवतो: सुरक्षेची तातडीची दुरुस्ती नसेल, तर कुठलीही नवी आवृत्ती पहिल्या काही आठवड्यांत प्रॉडक्शनला टाकू नये.

मागे कंपनी असली की माणसांची चिंता कमी होते, पण कंपनीची चिंता सुरू होते. रिथिंकडीबी या डेटाबेसमागची कंपनी ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद पडली. कोड खुला असल्याने तो पुढे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला, पण पूर्णवेळ काम करणारी माणसे पांगली. परवानाही बदलू शकतो. टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या साधनाचा ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला, रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसचा मार्च २०२४ मध्ये, आणि त्यांतून ओपनटोफू आणि व्हॅलकी या वेगळ्या शाखा निघाल्या. सगळ्या कोडचे हक्क एकाच कंपनीकडे एकवटलेले असतील, तर ही शक्यता अहवालात नोंदवा. नकार देण्याइतके ते मोठे कारण मात्र नाही.

आता तुमच्या जुन्या रांगेबद्दल बोलायलाच हवे. ती सांभाळणारा माणूस गेला आहे आणि तिची अशी परीक्षा बहुधा कधीच झालेली नाही. म्हणून वर सांगितलेली प्रत्येक चाचणी दोन्ही रांगांवर सारखीच घ्या. वीज तोडल्यावर जुनी रांगच कामे हरवते, असे निघाले, तर तुमच्या सावध सहकाऱ्याला आपले मत पुन्हा तपासावे लागेल. आणि नवी रांग भरल्या डिस्कवरही पोच देत राहिली, तर उत्साही सहकाऱ्यांना ते पटवून देण्यासाठी तुम्हाला एक शब्दही खर्च करावा लागणार नाही. भित्रेपणा आणि बेजबाबदारपणा हे शब्द तुमच्या बैठकीतून हद्दपार करण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. चाचण्या त्या वाद घालणाऱ्या दोघांनीच मिळून घ्याव्यात, असे मी सुचवेन.

वरिष्ठांना लेखी उत्तर देताना नुसते हो किंवा नाही असे लिहू नका, त्यांनी तसे मागितले असले तरी. साधारण असे लिहा: छायाचित्रे आणि सूचना पाठवण्याची कामे अमुक तारखेपासून ०.८.३ या आवृत्तीवर न्यावीत. पैशाच्या नोंदींची कामे सध्या नेऊ नयेत, कारण वीज तोडण्याच्या तीस चाचण्यांपैकी दोनमध्ये पोच मिळालेली कामे हरवली. ती तक्रार आम्ही प्रकल्पाकडे नोंदवली आहे, ती निस्तरली की त्याच चाचण्या पुन्हा घेऊ, आणि काही झाले नाही तरी सहा महिन्यांनी फेरविचार करू. आकडे अर्थातच तुमचे असतील. रात्री रांग अडकली तर कुणाला उठवायचे, आणि जुन्याकडे परत कसे जायचे, हेही त्याच कागदावर हवे. परतीचा मार्ग सोपा राहावा म्हणून तुमच्या सगळ्या प्रोग्रॅमनी रांगेशी थेट न बोलता मध्ये एक लहानसा थर ठेवून त्याच्यामार्फत बोलावे. तो थर लिहायला दोन दिवस लागतील, आणि कुठले काम कुठल्या रांगेत जाईल हे तिथल्या एका सेटिंगवर ठरेल. ते सेटिंग उलटे फिरवण्याची तालीम दिवसाढवळ्या, सगळे हजर असताना, एकदा तरी करा.

शेवटी जुनी रांग कधी बंद करायची, याचे उत्तर. त्यासाठी महिने मोजू नका, तीन प्रसंग पार पडू द्या. तुमच्या वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसांपैकी एक दिवस नव्या रांगेने पेललेला असावा. रांगेत खरी कामे असताना तिचे एक अपग्रेड झालेले असावे. आणि ज्या दोघांनी ते सॉफ्टवेअर शोधले, ते दोघेही एका आठवड्यासाठी रजेवर असताना उरलेल्या तिघांनी ती सांभाळलेली असावी. दरम्यान एकच काम दोन्ही रांगांत टाकण्याचा मोह टाळा, नाहीतर ते दोनदा पार पडेल. तिन्ही प्रसंग झाले की जुन्या रांगेत नवी कामे येणे थांबवा, उरलेली पार पडू द्या आणि शेवटचे काम संपल्याचे स्वतः पाहा. त्यानंतरच तो सर्व्हर बंद करा आणि तुमच्या ग्राहकांना तक्रार करण्यासाठी जितकी मुदत असते, तितके दिवस त्याच्या डिस्कची प्रत जपून ठेवा.